‘चार कोड वाचून कोणी मेकॅनिक होत नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि उत्तर मुद्दाम सकाळवर ढकललं, कारण रात्री डोकं गरम होतं. सकाळीही ती तेवढीच खटकली, म्हणून लिहितो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर्व्हिसिंगहून आल्यावर माझी गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे एक सिलिंडर मध्येच पेटेना आणि गाडी हिसके देऊ लागली. स्कॅनर लावून गाडीतला बिघाडाचा कोड वाचला आणि दोष गॅरेजमध्ये लावलेल्या तडकलेल्या स्पार्क प्लगचा (पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडतो तो) निघाला, असं मी लिहिलं होतं. यांचं म्हणणं असं की मी गॅरेजवाल्याला उगाच बदनाम केलं, दोष ई-२० पेट्रोलचा (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) असणार, इंजेक्टर (पेट्रोल फवारतो तो) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) न बघताच मी निकाल दिला आणि फोटोत काही दिसत नाही. शेवटी हे वाक्य : ‘चार कोड वाचून कोणी मेकॅनिक होत नाही, स्कॅनरसोबत अक्कल फुकट मिळत नाही.’

फोटोचं मान्य. फ्लॅश नेमका प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पडला आणि जी रेघ दाखवायची होती तीच उडाली. बदलून टाकतो.

आता ते शेवटचं वाक्य. मी मेकॅनिक आहे असं मी कुठे लिहिलं? अख्ख्या लेखात एक ओळ दाखवा. माझे वडील एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. घरी जेवताना भाजीत मीठ कमी आहे यापेक्षा कुठल्या गाडीचा आवाज बिघडला यावर जास्त बोलणं व्हायचं. (बस डिझेलवर चालते, तिला स्पार्क प्लग नसतो, हे मला माहीत आहे. तुम्ही लिहिण्याआधी मीच लिहून टाकतो.) उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी वडिलांच्या मित्राच्या गॅरेजवर काढल्या, कूलरसमोर नाही. तिथे मिसिंगची फियाट आली की मिस्त्री इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर उपसायचे. वायर काढल्यावर आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करतोय. काढूनही काहीच फरक पडला नाही तर मेलेला सिलिंडर सापडला. असं करताना झटका बसला की मिस्त्री हसायचे आणि आम्हीही.

आजच्या गाडीत प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी स्वतंत्र कॉइल असते. अशा गाडीवर हा प्रयोग कोणी करू नका, कॉइल जाईल, कंट्रोल युनिटही जाऊ शकतं. पण तेच काम आता गाडी स्वतः करते. क्रँकशाफ्टचा, म्हणजे सगळे सिलिंडर मिळून फिरवतात त्या दांड्याचा, वेग सेन्सर सतत मोजत असतो. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं नाही की क्रँक त्या क्षणी किंचित मंदावते आणि पाळी कोणाची होती यावरून सिलिंडर कळतो. पी-०३०१ म्हणजे पहिला, पी-०३०२ दुसरा, याच क्रमाने पुढे. पी-०३०० म्हणजे एकावर बोट ठेवता येत नाही. माझ्या गाडीत पी-०३०३ होता. चार नाही भाऊ, एकच कोड.

आणि कोड वाचून मी थांबलो असतो तर तुमचा टोमणा निमूट ऐकला असता. इंजिन थंड झाल्यावर तिसरी कॉइल पहिल्यावर आणि पहिली तिसऱ्यावर लावली, कोड पुसला, गाडी फिरवून आणली. पुन्हा पी-०३०३. म्हणजे कॉइल नाही. मग तिसऱ्याचा प्लग दुसऱ्याला लावला, तर कोड पी-०३०२ झाला. दोष प्लगसोबत चालत गेला. प्लग बाहेर काढून उजेडात धरला तर चिनी मातीवर खालून वर पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती. पाना तिरपा बसला की ही माती तडकते. मग ठिणगी टोकाशी पडायचं सोडून त्या फटीतून बाहेरूनच प्लगच्या धातूच्या अंगाला जाऊन मिळते. हे प्लग त्याच सर्व्हिसिंगमध्ये नवीन लावले होते, बिलात त्यांची लेबरही आहे.

‘दोष प्लगचा होता तर सिग्नलला गाडी ठीक कशी?’ हे तुम्ही मध्येच विचारून ठेवलंय. प्रश्न चांगला आहे, सूर मास्तरचा आहे. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तेवढ्या दाबात ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. व्होल्टेज वाढलं की ते फटीचा सोपा रस्ता धरतं. म्हणून सिग्नलला गाडी गुमान उभी राहायची आणि वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना हिसके द्यायची.

बदनामी म्हणाल तर मी गॅरेजचं नाव लिहिलेलं नाही, एरियासुद्धा नाही. तिथे मला ‘थोडी चालवा, सेट होईल’ असं सांगितलं, तेव्हा चेक इंजिनचा लाईट लुकलुकत होता. लुकलुकणारा लाईट म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि तो तापतोय. तो बदलायचा खर्च प्लगच्या खर्चासारखा नसतो. यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. सगळी माया गॅरेजवाल्यावर.

ई-२०. नागपुरात बसून मी इथेनॉलवर भांडावं अशी तुमची इच्छा दिसून राहिली, पण मी नाही पडत त्यात. पेट्रोल एकाच रेलमधून, म्हणजे एकाच नळीतून, चारही सिलिंडरला जातं. ते खराब असतं तर एकट्या तिसऱ्यानं काय घोडं मारलं होतं? मायलेज कमी होतं, ते खरं, पण तो वेगळा विषय आहे.

इंजेक्टर होऊ शकतो. माझ्या गाडीत नव्हता. कॉम्प्रेशन मी बघितलं नाही. नवा प्लग लावल्यावर गाडी सरळ चालायला लागली, मग गेज घेऊन काय आरती ओवाळू?

बाकी वाचकांसाठी एक राहिलं होतं. प्लगवर अशी रेघ दिसली तर कॉइलच्या खालचं रबरी बूट आतून बघा. तिथेही तसाच डाग पडलेला असला तर बूटही बदला, नाहीतर नवा प्लगही तसाच खराब होतो.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गाडीची मिसिंग इंजेक्टर साफ केल्यावर गेली. छान झालं. त्याच बिलात प्लग बदलल्याचं लिहिलंय का, तेवढं बघून सांगा.