एकदाच वापरलेला स्टँड मिक्सर कसा घ्यावा

परदेशी बनावटीचा, ओट्यावर उभा राहून कणीक मळणारा स्टँड मिक्सर नवा विकत घेण्याचा उधळेपणा मुंबईत कोणीही करू नये, कारण अमेरिकेहून कायमचे परतलेले एखादे कुटुंब तोच मिक्सर निम्म्याहून कमी किमतीत देण्यास सदैव सिद्ध असते. गेल्या रविवारी पवईला जाऊन मी असा एक घेऊन आलो, त्यामुळे सल्ला देण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे.

यंत्र चालवून दाखवा, असे चुकूनही म्हणू नये. समोर चहा-बिस्किटे ठेवलेली असताना असा अविश्वास शोभत नाही.

फेटायचा जोडभाग, म्हणजे व्हिस्क, "सापडला की पाठवतो" म्हणतील, त्यावर मान डोलवावी.

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्राच्या डोक्यातले ग्रीस फुटून त्याचे तेल भांड्यात ठिबकते, त्याचाही बाऊ करू नये. पुरणपोळीच्या कणकेला मोहन तसेही लागतेच.

मुख्य म्हणजे, यंत्राच्या बुडाशी असलेली पाटी वाचू नये. अमेरिकेत घरात 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची वीज येते, आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची, असली शाळकरी माहिती त्या सुसज्ज दिवाणखान्यात उगाळणे बरे दिसत नाही. शिवाय "सोबत कन्व्हर्टर देतो ना" असे मालक स्वतःहून सांगतात आणि चपट्या पिनांना आपल्या गोल भोकांत बसवणारी प्लास्टिकची एक गोटी मोठ्या प्रेमाने हातावर ठेवतात. ती गोटी पिनांचा आकार बदलते, व्होल्ट नव्हे. व्होल्ट उतरवायला ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही यंत्राच्या वॅटपेक्षा चांगल्या वरच्या क्षमतेचा, आणि तो लॅमिंग्टन रोडला मिळतो, हे ज्ञान मला सोमवारी झाले. रविवारी संध्याकाळी मी कणीक घालून बटण पहिल्याच आकड्यावर नेले, तेव्हा यंत्राने ओट्यावर उडी घेतली, आतून निळसर धूर आला आणि आतल्या खोलीतून आईने विचारले, "पुरण लागलं का रे खाली?" दुरुस्तीवाल्याने झाकण उघडण्याआधीच वास घेऊन निदान केले, "साहेब, हा 110 वाला आहे. मोटर गेली."

अहो, इतकी वर्षे तिकडे राहिलात, तिथली वीज वेगळी असते हे तुम्हाला ठाऊक नव्हते, असे निदान मला तरी सांगू नका! "एकदाच वापरलेला" म्हणे! इथे आल्यावर एकदाही लावण्याची तुमची छाती झाली नाही, म्हणून तो एकदाच वापरलेला राहिला. पैसे मोजून घेताना त्या गोटीला कन्व्हर्टर म्हणायला तुमची जीभ अडखळली कशी नाही? आणि मी तरी कोण शहाणा? ते दहा-अकरा किलोचे धूड खांद्यावर घेऊन कांजुरमार्गचा पूल चढलो, पाटी अक्षरशः कानाला लागलेली होती, आणि एकदा मान वळवून ती वाचली नाही.

सोमवारपासून सात वेळा फोन केला आहे. उचला.