पाण्याचा दिवस मी धरलाच नव्हता

ताई, 'रोज पाचच कामं, बाकीची उद्या' या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "पाच दिवसांनी नळ येतो, तोही रात्री दोनला. सासूबाई अंथरुणाला आहेत. उद्यावर टाकलेलं काम उद्या करणार कोण? मीच ना!"

पाण्याचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी जुळे सोलापुरात राहते. नळ आला की हौद, पिंप, हंडे, कळशा, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवते. असं असूनही लेख लिहिताना तो दिवस मी धरलाच नाही, ही माझी चूक. रात्रभर जागलेल्या बाईला सकाळी पाच कामांची यादी दाखवू नये. त्या दिवशी फक्त पाणी आणि धुणं. बाकी काहीच नाही, स्वयंपाकही नाही.

मग खायचं काय? आपल्याकडे कडक भाकरी आहे की! माझी आजी एका बैठकीत वीस-पंचवीस करायची. ज्वारीची पातळ भाकरी, आच मंद, आणि फडक्यानं दाबत दाबत फिरवायची, ओल पार जाईपर्यंत. डब्यात भरल्या की पंधरा दिवस बघायला नको. वर शेंगाची चटणी, दही. एप्रिल-मेच्या उन्हात रोज चुलीपुढं बसायला नको म्हणून ती हे करायची, आणि तिला कुणी आळशी म्हटलं नाही. सासूबाईंना चावत नसेल तर आदल्या रात्रीची आमटी गरम करून तीत कुस्करली की मऊ होते.

आता तुमचं 'मीच ना'. खरं दुखणं तिथं आहे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची दिवसाची २८९ मिनिटं त्यात गेलेली दिसतात, तसं काम करणाऱ्या पुरुषाची ८८. आणि लक्षात ठेवणं तर त्यात कुणी मोजतही नसेल. मी यांना मोटर लावायला सांगायचे, पण आठवण मीच करायचे. म्हणजे काम माझंच राहिलं. मग एकदा ठरवलं, आठवण करायची नाही. पहिल्या महिन्यात दोनदा टाकी कोरडी राहिली. मी जागी होते, पडून राहिले. हंडा उचलण्यापेक्षा ते जड गेलं. सकाळी शेजारून दोन बादल्या यांनीच आणल्या. आता गजर हेच लावतात.

सासूबाईंच्या औषधाबाबत असलं काही करू नका, ते तुमच्याच हातात राहू द्या. पण चुकलं तरी कुणाच्या जिवावर बेतणार नाही अशी कामं असतातच. मोटर, वाळत घालणं, भांडी लावणं. त्यातलं एक आठवणीसकट देऊन टाका. भांडी वेडीवाकडी लागली तरी हात लावू नका.

पुढच्या पाण्याला तुमच्याकडं कोण उठलं, ते मला नक्की कळवा.