हातभर सुरमई विकत घेऊ नका

गेल्या रविवारी दापोलीकडच्या एका खानावळीत ताटात अख्खी सुरमई आली. डोक्याशेपटीसकट, तव्यात मावेल एवढी. शेजारच्या टेबलावर मुलं कौतुकाने फोटो काढत होती. माझ्या घशाखाली घास उतरेना.

लहानपणी काकांबरोबर सुरमई गरवायला, म्हणजे गळाने धरायला, जायचो. गरीच्या वर वीतभर तार बांधावीच लागायची, नाहीतर तिचे दात तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, कापून टाकतात. लागली की तंगूस हातातून असा सुसाट धावायचा की बोटं भाजायची. हिच्या पोटात हवेची पिशवी नसते, थांबली तर खाली जाईल, म्हणून जन्मभर पोहतच राहते. त्या वेगासाठीच जगभरचे हौशी गरवणारे हिच्यामागे असतात. दक्षिण आफ्रिकेत १९८२ साली जवळजवळ ४५ किलोंची सुरमई गळाला लागली होती. ४५ किलो! आणि आपण तिला पोर असतानाच तळतोय.

पहिल्यांदा अंडी घालेपर्यंत तिची दोनेक वर्षं जातात. तेव्हा ती पाऊण मीटरच्या आसपास, म्हणजे दीड हाताहून लांब झालेली असते. ताटात अख्खी मावणारी सुरमई एकदाही न व्यालेली असते, एवढं लक्षात ठेवा.

माझा मावसभाऊ मस्कतला असतो. ओमानमध्ये १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमई धरायलाच बंदी, आणि एरवीही ६५ सेंटीमीटरच्या आतली चालत नाही. आपल्याकडेही २०२३ मध्ये सरकारने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. पण बंदरावर पट्टी घेऊन कोण उभं राहणार? तिथे चालतं ते गिऱ्हाईकाचं.

मच्छीमाराला दोष देणं मला पटत नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, सगळं अंगावर घेऊन तो समुद्रात जातो. जाळ्यात येतं ते आणतो आणि खपतं ते पुन्हा शोधतो.

परवा हर्णैला लिलावानंतर एका मावशींच्या टोपलीत तसलीच बारकी सुरमई होती. विचारलं तर म्हणाल्या, "दादा, हॉटेलवाले हीच मागतात. प्लेटीत अख्खी बसते ना." टोपलीच्या कडेला एका मोठ्या सुरमईचा अर्धा भाग होता. त्याच्या चार तुकड्या घेतल्या. महाग पडल्या. पुढच्या वेळीही त्याच घेणार आहे.