गुन्हे वाढले म्हणजे नक्की काय वाढलं? सोलापूरच्या एका फॉरवर्डला उत्तर

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे अजून उतरलेही नव्हते, तेवढ्यात तो मेसेज माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, शाळेतल्या वर्गमित्रांचा ग्रुप आणि सासुरवाडी. मजकूर सगळीकडे एकच:

"सोलापूरकरांनो जागे व्हा! पोलिसांचाच वार्षिक अहवाल सांगतो, सोलापुरात गुन्हे वाढले. अपहरणं वाढली, मुलं पळवणारी टोळी फिरतीय. पोलीस काय करतात? हेल्मेटच्या पावत्या फाडतात, नाहीतर मिरवणुकीत उभे राहतात. 112 ला फोन लावा, कोणी येत नाही. तक्रार द्यायला जा, घेत नाहीत. आता आपली गल्ली आपणच राखायची. अनोळखी दिसला की आधी धरा, मग विचारा. पुढे पाठवा."

मी या शहरात बारा वर्षं एका दैनिकासाठी क्राईम बीट केलं. सकाळी ठाण्यांची चक्कर, दुपारी प्रेसनोट, रात्री सिव्हिल हॉस्पिटलच्या पोलीस चौकीला फोन. पोलिसांची वकिली करायचं मला काही कारण नाही, त्यांनी मला भरपूर ताटकळत ठेवलंय. पण या मेसेजमधलं एक वाक्य खरं आहे, दोन अर्धवट आहेत आणि शेवटचं माणसं मारणारं आहे.

आधी हे "सोलापूर" कोणतं ते ठरवू. इथे पोलीस दलं दोन. शहराला आयुक्त, त्यांच्याकडे सात ठाणी: फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, विजापूर नाका, एमआयडीसी, जोडभावी पेठ, सलगर वस्ती. बाकी पंढरपूर, बार्शी, अकलूज, करमाळा, मंगळवेढा हा सगळा पसारा ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. 2011 च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं होतं आणि जिल्हा 43 लाखांचा. दोन्ही दलं आपापला वर्षाचा हिशेब वेगळा मांडतात. कुंभारीला विडी कामगारांची जी हजारो घरांची वसाहत आहे, तिथला माणूस रोज कामाला शहरात येतो, पण त्याच्या घरी चोरी झाली तर ती ग्रामीणच्या वहीत चढते. मेसेजमध्ये ना शहर लिहिलंय ना ग्रामीण. वर्षसुद्धा नाही. म्हणजे तो पुढच्या जानेवारीतही तसाच चालेल.

"गुन्हे वाढले."

वाढते ती नोंद. देशभरची आकडेवारी छापणारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आकडा चढला म्हणून पोलीस निकामी ठरवू नका. हे कुणी वाचत नाही, कारण ते पहिल्या पानांत असतं आणि आपण थेट तक्त्यावर उडी मारतो.

त्या तक्त्याचीही एक गंमत आहे. ठाण्यात दोन हिशेब चालतात. भाग 1 ते 5, म्हणजे खून, दरोडा, घरफोडी, मारामारी, फसवणूक. आणि भाग 6, म्हणजे दारू, जुगार, शस्त्र असे विशेष कायद्यांचे गुन्हे. पहिल्या प्रकारात फिर्यादी ठाण्यात येतो. दुसऱ्यात पोलीस स्वतः जाऊन गुन्हा घेऊन येतात. मटक्याच्या टपरीवर छापा घातला की एक गुन्हा वाढला. नाही घातला तर गुन्हाच नाही आणि टपरी मजेत. एखादा नवा साहेब येऊन छाप्यांचा धडाका लावतो, त्या वर्षी कागदावर शहर बिघडलेलं दिसतं.

ग्रामीण भागात याचं उलटं टोक बघायला मिळालं. मुळेगाव तांड्यावरची हातभट्टी आमच्या बीटवर इतकी जुनी बातमी होती की तिचा मजकूर पाठ झाला होता. छापा, रसायन ओतलं, बॅरल फोडली, दारूबंदीचं कलम 65, आरोपीला जामीन. दोन दिवसांनी त्याच ओढ्याकाठी पुन्हा धूर. वर्षानुवर्षं गुन्ह्यांचे आकडे भरघोस आणि दारू तेवढीच. 2021 मध्ये तेव्हाच्या अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. एकेक तांडा एकेका अधिकाऱ्याला वाटून दिला. छापे थांबले नाहीत, पण त्यांच्या जोडीला लोकांशी बोलणं आलं, दुसरा धंदा, शिलाईचं काम, पोरांची शाळा. आता विचार करा, एखाद्या बाईनं चूल विझवून मशीन घेतली तर ठाण्याच्या वहीत काय दिसणार? कलम 65 चा एक गुन्हा कमी. वार्षिक तक्ता वाचणारा म्हणेल, कारवाई थंडावली.

आकडा कमी दिसण्याची दुसरी वाट मी स्वतः चाललोय. तीन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात बायकोच्या पिशवीतून मोबाईल गेला. पिशवीला ब्लेड मारलेलं. वर कोथिंबीर आणि खाली सरळ चिरलेला कापडाचा काप, तो मी अंमलदाराच्या टेबलावर पसरून दाखवला. शहरातलंच एक ठाणं, नाव घेत नाही. अंमलदार माणूस चांगला. चहा सांगितला आणि म्हणाला, "काका, चोरी कशाला लिहिता? पंचनामा, जबाब, कोर्टाच्या तारखा. गहाळ लिहा, आत्ता शिक्का मारून देतो, नवीन सिम मिळतंय की." आणि बारा वर्षं बीट केलेल्या माणसानं गहाळ लिहून सही केली. बायको घरी येईपर्यंत बोलली नाही. त्या वर्षी सोलापुरात चोऱ्या एकनं कमी झाल्या.

म्हणून मेसेजमधलं "तक्रार घेत नाहीत" हे वाक्य मी खोडणार नाही. ते खरं आहे, आणि "गुन्हे वाढले" या पहिल्या वाक्याला तेच कापतं. तक्रार घेत नसतील तर आकडा वाढला कसा? आणि वाढला असेल, तर कुठेतरी कुणीतरी चोरीला चोरी लिहायला लागलंय. हे दोन्ही एकाच दमात ओरडता येत नाही. कायदा तर आता माझ्या बाजूनं आहे. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो अशा गुन्ह्याची खबर आली की एफआयआर घ्यायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. कुठल्याही ठाण्यात झिरो नंबरनं नोंद होते आणि फिर्यादीला प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे, तिथेही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. एक पाचर मात्र आहे: पाच हजारांच्या आतली साधी चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र झाली. छोट्या चोऱ्या एनसीच्या, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्यांच्या वहीत गेल्या की एफआयआरचा आकडा आपोआप सुधारेल. तेव्हा कुणी "गुन्हे घटले"चा मेसेज पाठवला तर त्यालाही हेच उत्तर.

"अपहरणं वाढली."

हे वाक्य आईबापाच्या काळजाला हात घालतं. 2013 मध्येच सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक आदेश आला: अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलंय असं धरूनच गुन्हा नोंदवायचा. नुसती मिसिंगची नोंद करून बसायचं नाही. अतिशय योग्य आदेश. पण त्याचा अर्थ असा की बारावीचा निकाल लागला म्हणून घरातून निघून पुण्याच्या गाडीत बसलेला पोरगा, सतरा वर्षांची मुलगी जी गल्लीतल्याच मुलाबरोबर गेली, बाप रागावला म्हणून मामाकडे गेलेलं लेकरू, हे सगळे कागदावर "अपहरण". मी बीटवर असताना या कलमाखालच्या प्रेसनोटा रोज यायच्या, आणि रडणारी आई दुसऱ्या दिवशी त्याच ठाण्याच्या बाकावर पोराच्या पाठीत धपाटे घालत बसलेली दिसायची. सगळी प्रकरणं अशी नसतात. काहींमागे खरोखर वाईट माणूस असतो, आणि हरवलेली मुलं शोधणारी पोलिसांची मुस्कान मोहीम त्यासाठीच चालते. पण अपहरणाच्या रकान्यातून "टोळी" काढणं म्हणजे भिजलेलं अंगण बघून नदीला पूर आला म्हणणं.

हेल्मेटवर फार शाई घालवत नाही. दंड शासनाच्या तिजोरीत जमा होतो, हवालदाराच्या खिशात नाही. त्याच्या खिशात जातं ते पावती न फाडता, आणि ते देणारा बहुतेक वेळा आपल्याच ग्रुपवर असतो. पुण्याहून हैदराबादला आणि धुळ्याहून विजापूरला जाणारी वाहतूक ज्या शहराच्या अंगावरून जाते, त्यात हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे दिव्याशिवाय, त्या शहरात डोकं उघडं ठेवून पोलिसांवर रागावणं मला तरी जमत नाही.

"मिरवणुकीत उभे राहतात."

उभे राहतात, खरंय. वर्षातले किती दिवस ते मोजून बघा. जानेवारीत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज 68 लिंगांच्या फेरीला निघतात. फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ, मग गणपती, ईद-ए-मिलाद, नवरात्र. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांचं शहर आणि मिरवणुकांचे रस्ते जवळपास तेच. ग्रामीणवाल्यांना वर पंढरपूरच्या चार वाऱ्या. मिरवणुकीच्या आधी दोन आठवडे ठाण्यात काय चालतं ते गर्दीला दिसत नाही: याद्या काढणं, शांतता राखण्याचे बॉण्ड घेणं, कुणाला तडीपारीची नोटीस, कुठल्या कोपऱ्यावर वाद्य थांबवायचं नाही यावर मंडळांशी तासन् तास घासाघीस. यातून जी दंगल होत नाही, तिला गुन्हा रजिस्टर नंबर नसतो.

पण याची किंमत आहे, आणि पोलिसांचे साहेब ती पत्रकार परिषदेत सांगत नाहीत. रस्सी धरून उभा असलेला हवालदार हाच तुमच्या घरफोडीचा तपास अंमलदार असतो. नवरात्र संपेपर्यंत तुमची फाईल टेबलावर पडून राहते. मला मेसेजवाल्याच्या जागी तक्रार करायची असती तर मी ही केली असती.

112 चं कोडं सोपं आहे. तो फोन फौजदार चावडीत वाजत नाही. आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथून इथल्या नियंत्रण कक्षाकडे आणि मग जवळच्या गाडीकडे जातो. पलीकडच्या मुलीला तुम्ही घाईघाईत "अहो मधल्या मारुतीजवळ या" म्हणालात तर ती विचारणारच, कुठला जिल्हा? इथं माणूस चिडतो आणि फोन आपटतो. आधी "सोलापूर शहर" म्हणा, मग चौक, मग मारुती. गाडी उशिरा येते तेव्हा जरूर भांडा, पण फोनची वेळ लिहून ठेवून भांडा.

ज्या गुन्ह्याची खरी धास्ती घ्यायला हवी, तो या मेसेजमध्ये नाहीच. सायबर फसवणूक. व्हिडिओ कॉलवर खाकी घातलेला माणूस "डिजिटल अरेस्ट" करतो आणि निवृत्त शिक्षक आयुष्याची पुंजी वळती करतो. असली अटक कुठल्याही कायद्यात नाही. पैसे गेल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवलं तर रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. देशभर लोकांना हा नंबर लक्षात राहत नाही म्हणे. 1930 साली मार्शल लॉ सोसलेल्या, चार हुतात्म्यांच्या सोलापूरला हा आकडा शिकवावा लागू नये.

आता शेवटचं वाक्य. "अनोळखी दिसला की आधी धरा, मग विचारा."

सामान्य माणसाला कुणाला धरण्याचा अधिकार फार थोडा आहे. डोळ्यांसमोर गंभीर, अजामीनपात्र गुन्हा घडत असेल किंवा माणूस फरारी जाहीर झालेला असेल तर, आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावं लागतं. अनोळखी असणं हा गुन्हा नाही. गस्त घालायची हौस असेल तर ग्रामसुरक्षा दल आहे, ठाण्यात नावं द्या, पाळ्या लावून घ्या.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, रविवारच्या बाजारात पाच माणसं आली. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आली असा मेसेज तिकडे आधीच फिरत होता. लोकांनी आधी धरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. सोलापूर जिल्ह्याच्या माणसांना अनोळखी ठरवून मारणारा मेसेज आज सोलापूरचीच माणसं सोलापूरकरांना पाठवतायत. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. माझ्याकडे आलेल्या मजकुरावर दोन बाणांची खूण आहे, म्हणजे ती मर्यादा असूनही तो हातोहात कितीतरी वेळा पुढे सरकलाय.

मेसेज आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीत डवरी गोसाव्याचा डौर वाजला. झोळी, कपाळाला भस्म, बरोबर दहा-बारा वर्षांचा पोरगा. समोरच्या वहिनींनी पसाभर ज्वारी घातली. तो पुढच्या दारात पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरून काढलेला त्याचा पाठमोरा फोटो आला, खाली लिहिलेलं: "हा कोण? मुलगा याचाच आहे का?" मी फोटो काढून टाकायला सांगितलं. ॲडमिन म्हणाले, बघतो. फोटो अजून तिथेच आहे.