पुस्तकांआधी शिक्षक

परदेशात राहणाऱ्या सभासदांकडे मायदेशातील मंडळीची, म्हणजे चर्चची, मदतीची विनंती येते, तेव्हा ती बहुधा छपराच्या दुरुस्तीसाठी, ध्वनिक्षेपकासाठी किंवा कुंपणाच्या भिंतीसाठी असते. या वर्षी आमच्या मूळ मंडळीच्या पास्टोरेट कमिटीने, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समितीने, पाठवलेली विनंती संडे स्कूलसाठी, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांसाठी, आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. एका अमेरिकन प्रकाशनाचा तयार अभ्यासक्रम, त्याच्या चित्रफिती आणि मुलांच्या रंगीत कार्यपुस्तिका वार्षिक वर्गणी भरून घ्याव्यात आणि हा खर्च आम्ही परदेशस्थांनी उचलावा, असा प्रस्ताव आहे. त्यावरून मंडळीत दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की, मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, जुन्या मराठी पत्रकांतील चित्रे आणि भाषा त्यांना परकी वाटते, म्हणून काळाबरोबर चालले पाहिजे. दुसऱ्या बाजूला भीती वाटते की, संडे स्कूलही इंग्रजीत गेले तर पुढच्या पिढीला मराठी उपासना, मराठी गीते आणि घरातली मराठी प्रार्थना समजेनाशी होईल.

दोन्ही बाजूंची कळकळ खरी आहे. मात्र आलेल्या पत्रांत आणि संदेशांत पुस्तकांबद्दल, भाषेबद्दल आणि पडद्याबद्दल पुष्कळ लिहिलेले असताना, दर रविवारी मुलांसमोर जी व्यक्ती उभी राहणार तिच्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो, येथील मेथडिस्ट मंडळीत मुलांच्या वर्गाला मदत करतो, आणि ज्या साधनांची मायदेशी अपूर्वाई आहे ती माझ्या रोजच्या हाताळणीतली आहेत. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की, पैसा कमी असो वा जास्त, त्याचा पहिला वाटा शिक्षकाच्या तयारीवर खर्च झाला पाहिजे आणि छापील साधनांचा विचार त्यानंतर व्हावा.

हे मत नवीन नाही, मेथडिस्ट परंपरेइतकेच ते जुने आहे. ज्या मंडळीत दहा मुले असतील तेथे प्रचारकाने आठवड्यातून किमान एक तास त्यांना द्यावा, असा दंडक मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने आपल्या प्रचारकांना घालून दिला होता. मुलांना शिकवण्याचे कृपादान मला नाही, अशी सबब त्याने स्वीकारली नाही. ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्सने १७८० साली सुरू केलेली संडे स्कूल सर्वांना ठाऊक असते, पण त्याच्या अकरा वर्षे आधी, १७६९ मध्ये, हाय विकम गावी हॅना बॉल या मेथडिस्ट स्त्रीने मुलांना जमवून शिकवायला सुरुवात केली होती. तिच्याजवळ अभ्यासक्रम नव्हता, पण आपण काय शिकवतो आहोत याची जाण होती.

मी राहतो त्या भागात या इतिहासाच्या खुणा ठिकठिकाणी आहेत. ॲक्रन शहरातील कारखानदार लुईस मिलर हे तेथील मेथडिस्ट मंडळीच्या संडे स्कूलचे सुपरिंटेंडेंट होते. मध्ये मोठे सभागृह आणि त्याभोवती अर्धवर्तुळात छोटे वर्ग, वर्गांना सरकते दरवाजे, म्हणजे आधी सर्वांनी एकत्र प्रार्थना करायची आणि मग दरवाजे ओढून आपापल्या पाठाला बसायचे, अशी इमारत त्यांच्या कल्पनेतून १८७० च्या सुमारास उभी राहिली आणि पुढे देशभर तिचे अनुकरण झाले. पण इमारतीने भागत नाही हे मिलर यांना लवकरच कळले असावे, कारण १८७४ साली त्यांनी जॉन व्हिन्सेंट या मेथडिस्ट पाळकांबरोबर न्यूयॉर्क राज्यातील शटाक्वा सरोवराच्या काठी संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचे शिबिर भरवले. दिवसभर व्याख्याने, नमुना पाठ, पाठ घेण्याचा सराव आणि शेवटी लेखी परीक्षा, असा त्याचा कार्यक्रम होता. शिबिराला आलेले लोक शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर आणि गृहिणी होते.

त्या शिबिरासाठी सरोवराच्या काठावर पवित्र भूमीची मोठी प्रतिकृती जमिनीवरच तयार करण्यात आली, आणि ती आजही जपलेली आहे. मातीचे उंचवटे म्हणजे हर्मोन आणि यहूदियाचे डोंगर, मधून यार्देन नदीचा बारीक प्रवाह, गालील समुद्र आणि मृत समुद्र यांची डबकी, आणि शेजारचे सरोवर म्हणजे भूमध्य समुद्र. सरोवर पूर्वेला असल्याने दिशा उलट्या होतात, पण त्याने काही बिघडत नाही. यरुशलेमेच्या जागेवरून यरीहोकडे चालत गेले की वाट किती खाली उतरते हे पायांना कळते, आणि येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला माणूस ‘खाली जात होता’ असे शास्त्रात का म्हटले आहे ते समजावून सांगावे लागत नाही. ही प्रतिकृती शिक्षकांसाठी केली गेली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याने ती वाट चालून पाहिली तो आपल्या गावी परत जाऊन साध्या फळ्यावर दोन रेघा ओढूनही तो पाठ जिवंत करू शकत होता.

याच काळात, १८७२ साली, सर्व मंडळ्यांनी एकाच रविवारी एकच शास्त्रपाठ घ्यावा अशी योजना स्वीकारली गेली. सुवर्णवचन, म्हणजे त्या रविवारच्या पाठातले निवडक वचन, पाठ करून घेण्याची जी पद्धत आपल्याकडे लहानपणापासून चालत आली आहे, ती या योजनेबरोबर जगभर पोहोचली. वयाचा विचार न करता सर्वांना एकच पाठ द्यावा हे पुढे अनेकांना पटेना, आणि १९०८ पासून वयोगटानुसार वेगळे पाठ निघू लागले. पण पाठ समान असल्याचा एक मोठा लाभ होता. गावातील सर्व शिक्षक आठवड्यात एका संध्याकाळी एकत्र बसून येत्या रविवारचा पाठ आधी स्वतः शिकत. ती संध्याकाळ गेली, आणि माझ्या मते अमेरिकेतील संडे स्कूलच्या ओहोटीच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

ओहोटी हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. १९६८ साली युनायटेड मेथडिस्ट चर्च स्थापन झाली तेव्हा अमेरिकेत तिचे सुमारे १ कोटी १० लाख सभासद होते. त्यानंतर ही संख्या सतत घटत गेली, आणि २०१९ ते २०२३ या काळात सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे ७,६०० हून अधिक मंडळ्या वेगळ्या झाल्या. या घसरणीच्या काळात साधनांची टंचाई कधीच नव्हती. १७८९ साली सुरू झालेले मेथडिस्ट प्रकाशनगृह आजही काम करते. त्याची कोक्सबरी ही पुस्तकांची दुकाने २०१३ मध्ये बंद झाली तरी विक्री ऑनलाइन चालूच आहे. नॅशव्हिल येथील डिसायपलशिप मिनिस्ट्रीज ही चर्चची संस्था कितीतरी साहित्य विनामूल्य देते. तरीही वर्गातली मुले कमी होत गेली.

हे साहित्य जवळून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. खोक्यात सगळे असते : चित्रफीत, गाणे, हस्तकलेचे कापलेले कागद, आणि शिक्षकाने कोणते वाक्य केव्हा उच्चारायचे तेही ठळक अक्षरांत छापलेले. ज्याला शनिवारी वेळ मिळाला नाही तोही रविवारी सकाळी खोके उघडून पाऊण तास निभावून नेऊ शकेल, अशा बेताने त्याची रचना असते. स्वयंसेवक मिळत नाहीत, जे मिळतात ते महिन्यातून एकदाच येतात, म्हणून साधने अशी घडली. पण त्यामुळे मुलासमोर दर रविवारी वेगळा चेहरा येतो. आजारी आजोबांसाठी मागच्या रविवारी कोणत्या मुलीने प्रार्थना मागितली होती, हे या रविवारच्या शिक्षकाला माहीत नसते.

आपल्याकडे नेमकी उलट स्थिती आहे. मुंबई, पुणे, नागपूर किंवा पुणतांबे, कोणत्याही मेथडिस्ट मंडळीत पाहावे, वीस-पंचवीस वर्षे तोच वर्ग चालवणाऱ्या बाई भेटतात. त्यांना प्रत्येक मुलाचे घर माहीत असते, आणि आज ज्याला शिकवायचे त्याच्या आईलाही त्यांनीच शिकवलेले असते. अशी व्यक्ती अमेरिकेतील मंडळ्यांना शोधूनही सापडत नाही. पण या बाईंना आपण काय देतो? मागच्या वर्षीचे पत्रक, एक खडू, आणि उपासना सुरू होण्यापूर्वी खोली रिकामी करण्याची सूचना. नवीन तरुण-तरुणींना तर पदवीची परीक्षा संपली की पुढच्या रविवारपासून वर्ग घ्यायला सांगतात, आणि पाठ कसा बसवावा, प्रश्न कसा विचारावा, दंगा करणाऱ्या मुलाशी कसे बोलावे, हे त्यांना कोणी एकदाही दाखवत नाही.

अमेरिकेकडून घेण्यासारखे जे आहे ते शिक्षकाच्या घडणीच्या बाजूचे आहे. येथे ख्रिस्ती शिक्षण हा सेवेचा स्वतंत्र मार्ग मानला जातो. त्यासाठी प्रमाणपत्राचा अभ्यास आहे, आणि १९९६ साली डीकन हा कायमस्वरूपी दीक्षित पदाचा वर्ग निर्माण झाल्यावर अनेक ख्रिस्ती शिक्षक त्या पदावर नेमले गेले. त्याच वर्षी मुलांच्या संरक्षणासाठी ठराव झाला आणि त्यातून सेफ सँक्च्युअरीज ही नियमांची चौकट तयार झाली : वर्गात नेहमी दोन प्रौढ हवेत, तेही शक्यतो एकाच घरातले नसावेत, दाराला काच हवी, शिक्षकाची पार्श्वभूमी तपासलेली हवी, आणि हे प्रशिक्षण वेळोवेळी पुन्हा झाले पाहिजे. या नियमांना आपल्याकडे काही जण अविश्वासाचे लक्षण मानतात. मला ते मुळीच पटत नाही. भारतात २०१२ पासून पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणाचा, कायदा आहे. मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. हे आपल्या किती शिक्षकांना कोणी सांगितले आहे? दोन प्रौढांच्या नियमाला एक रुपयाही खर्च येत नाही, आणि माझ्या मते तो येत्या रविवारपासून लागू व्हावा.

पाठांबाबत मात्र येथून फारसे काही नेण्याची गरज नाही. चांगल्या मेंढपाळाचा पाठ घ्या. येथल्या पुस्तिकेत हिरव्या कुरणावर कापसासारखी पांढरी, हसरी मेंढरे असतात, आणि येथल्या बहुतेक मुलांनी खरा मेंढपाळ कधी पाहिलेला नसतो. नगर जिल्ह्यातल्या मुलाने धनगराचा वाडा शेतात उतरलेला पाहिलेला असतो. मेंढ्या रात्री वाघरीच्या जाळीत कशा कोंडतात, लंगडणारे कोकरू खांद्यावर कसे घेतात, लांडग्याच्या भीतीने कुत्री कशी राखणीला असतात, हे तो शिक्षकालाच सांगू शकेल. पेरणाऱ्याच्या दाखल्यातही तसेच आहे. जमीन खडकाळ असली, माती उथळ असली की उगवलेले रोप दुपारच्या उन्हात कसे माना टाकते, हे दुष्काळी तालुक्यातल्या मुलाला माहीत असते. शिक्षकाला एवढेच शिकवायला हवे की, हे अनुभव मुलांकडून प्रश्न विचारून काढून घ्यायचे आणि मग शास्त्रपाठ उघडायचा.

येथील अनेक मंडळ्यांत अलीकडे गॉडली प्ले ही पद्धत आवडीने वापरली जाते. जेरोम बेरीमन या एपिस्कोपल पाळकांनी ती माँटेसरीच्या तत्त्वांवर उभारली : शिक्षक जमिनीवर बसतो, लाकडी आकृत्या हळूहळू मांडत गोष्ट सांगतो, आणि शेवटी उत्तर न देता मुलांना विचार करायला लावणारे प्रश्न विचारतो. लाकडी आकृत्यांचे संच महाग मिळतात. पण माँटेसरीची तीच तत्त्वे घेऊन ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, आणि त्यांची साधने बिया, खडे, शिंपले आणि पाने ही होती. त्यांनी साधनांबरोबर बालसेविका घडवल्या, म्हणून ते काम गावोगाव पोहोचले. हा वारसा आपल्याच राज्यातला आहे. शिवाय कीर्तनातून शास्त्र सांगण्याची रीत मराठी ख्रिस्ती समाजात एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने म्हणणारी मंडळी अजून घरोघरी आहेत. गोष्ट रंगवून सांगणे आणि ताल धरायला लावणे हे ज्यांना येते, अशांकडून तरुण शिक्षकांना चार दिवस शिकू द्यावे.

भाषेच्या वादावर माझे मत असे : गोष्ट मराठीत सांगावी, प्रार्थना आणि गीत मराठीतच व्हावे, शिक्षकाची मार्गदर्शिका मराठीत असावी. मुलाच्या हातातला कागद दोन्ही भाषांत असायला माझी हरकत नाही, कारण देवनागरी अडखळत वाचणाऱ्या मुलाला त्या अडखळण्याची लाज वाटून तो वर्गात येणे थांबवणार असेल, तर ते नुकसान मोठे आहे. परदेशी साहित्याचे भाषांतर करण्याचा विचार असेल तर प्रकाशकाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि छायाप्रती काढून वाटता येत नाहीत, हेही कमिटीने लक्षात घ्यावे. मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वायत्त आहे. आपले पाठ आपण लिहिण्यास कोणाचीच आडकाठी नाही.

म्हणून आम्ही येथील काही कुटुंबांनी कमिटीला कळवले आहे की, अभ्यासक्रमाच्या वर्गणीऐवजी तीच रक्कम मे महिन्याच्या सुट्टीत सर्व शिक्षकांच्या निवासी शिबिरासाठी, त्यांच्या प्रवासखर्चासाठी, दर आठवड्याच्या तयारीच्या बैठकीसाठी आणि अनुभवी शिक्षकांकडून वर्षभराचे पाठ मराठीत लिहून घेऊन त्यांना मानधन देण्यासाठी वापरावी. ही मदत एका वर्षाची नसावी, किमान तीन वर्षे चालावी, कारण एका शिबिरात शिक्षक तयार होत नाही. आता कमिटीच्या पुढच्या बैठकीत ठरायचे आहे ते असे की, शिबिराला कोणाकोणाला पाठवायचे, नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईंना चार दिवस मोकळे कसे करायचे, आणि त्या रविवारी त्यांचा वर्ग कोणते दोघे घेणार.