उसनवारीसाठी भाग चार

मेहुण्याकडून पैसे उसने घेण्याचा विचार असेल, तर चिठ्ठी लिहिण्यापूर्वी भारतीय संविधानाचा चौथा भाग जरूर वाचावा. मूलभूत हक्कांच्या तिसऱ्या भागाकडे वळू नये. तिथला अनुच्छेद ३२ थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार दाखवतो, आणि ऋणकोला असली दारे परवडत नाहीत. चौथ्या भागातल्या मार्गदर्शक तत्त्वांचे तसे नाही. ती देशाच्या कारभारात मूलभूत आहेत, कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे आणि कोणतेही न्यायालय त्यांची अंमलबजावणी करवून घेऊ शकत नाही, या तिन्ही गोष्टी एकट्या अनुच्छेद ३७ मध्ये सुखाने नांदतात. तेव्हा आपणही लिहावे: ‘सदर रक्कम परत करणे हे माझ्या संसारातील मूलभूत तत्त्व असून ती फेडण्यासाठी मी प्रयत्नशील राहीन, मात्र या चिठ्ठीच्या आधारे वसुली करता येणार नाही.’

मुदत चुकूनही घालू नये. घटनाकारांनी ती एकदा अनुच्छेद ४५ मध्ये घातली होती: चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण, दहा वर्षांच्या आत. १९५० मध्ये दहा मिळवले की १९६० येते, एवढे गणित शाळेचे तोंड न पाहिलेल्यालाही जमते. प्रत्यक्षात शिक्षणहक्काची घटनादुरुस्ती २००२ साली झाली आणि ती अमलात यायला २०१० चा १ एप्रिल उजाडला. (तारखेबद्दल आम्ही काहीही म्हणत नाही.) शिवाय, देणे अगदीच अंगावर आले तर ते हलके कसे करून घ्यावे, हेही त्या ८६व्या दुरुस्तीकडूनच शिकावे. हक्क मिळाला तो सहा ते चौदा वयाला. सहाच्या आतल्यांसाठी पुन्हा ‘प्रयत्न करील’ हेच पालुपद. आणि त्याच कागदावर, मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे मूलभूत कर्तव्य आईबापांच्या खाती मांडले गेले. मेहुण्याने तगादा लावलाच, तर अर्धी रक्कम देऊ करावी आणि उरलेल्या अर्ध्या रकमेची तजवीज करणे हे त्याचेच कर्तव्य असल्याचे त्याला नम्रपणे कळवावे.

अर्थात, दुसऱ्याला कर्तव्य सांगायलाही मुहूर्त लागतो. पहिली दहा कर्तव्ये १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीतली, म्हणजे ऐन आणीबाणीतली. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात दाद मागण्याची सोय तेव्हा स्थगित होती, त्यामुळे कर्तव्ये वाचायला नागरिकांना निवांत वेळ होता. आपणही मेहुण्याच्या हाती आपली चिठ्ठी नसेल, असाच दिवस निवडावा.