जेजे पुलाच्या नावातला माणूस

जेजे फ्लायओव्हरचं अधिकृत नाव काय, हे टॅक्सीवाल्याला विचारून बघा. 'कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल'. अडीच किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा पूल २००२ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या दिवसापासून 'जेजे'च राहिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मुंबईत सगळ्याच नावांचं असं होतं. तक्रार वेगळी आहे.

या नावातले मखदूम बाबा, म्हणजे माहीमच्या दर्ग्यातले सूफी संत, म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक, डिसेंबरातली दहा दिवसांची माहीमची जत्रा आणि मुंबई पोलिसांची मानाची चादर. दुसरी, पाण्याची कथा: आईने रात्री पाणी मागितलं, आणेपर्यंत तिचा डोळा लागला, पोरगा पहाटेपर्यंत पेला घेऊन तसाच उभा. पुंडलिकाच्या मुलखात ही कथा रुजली नसती तरच नवल.

पण हा माणूस (१३७२ ते १४३१) मुळात पंडित होता हो! कोकणातल्या नवायत या मुस्लीम समाजातला, इस्लामी कायद्याच्या शाफई पंथाचा. माहीम तेव्हा गुजरातच्या सुलतानांकडे होतं, आणि तिथे ते काझी, म्हणजे न्यायाधीश, होते असं सांगतात. या बेटावर बसून त्यांनी अख्ख्या कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं. लोक त्याला 'तफसीर-ए-रहमानी' म्हणतात. कुराणात ११४ सूरे, म्हणजे अध्याय, त्यातला एक सोडून प्रत्येकाच्या आरंभी 'बिस्मिल्लाह' (अल्लाच्या नावाने) तेच. माहिमी मात्र दर वेळी त्या सूऱ्याच्या आशयाला धरून त्याचा नवा अर्थ लावतात. शिवाय एक आयत, म्हणजे वचन, पुढच्या आयतीला कशी जोडली आहे, हे दाखवत जातात. सुटी वचनं उचलून भांडणाऱ्यांच्या आजच्या काळात मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि ते सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबीचे चाहते! 'सगळं अस्तित्व एकच' हा त्याचा विचार इब्न तैमियासारख्या कडव्या धर्मपंडितांनी थेट धर्मबाह्य ठरवला होता. तरी माहिमींनी त्याच्या 'फुसूस-उल-हिकम' या ग्रंथावर भाष्य लिहिलं. म्हणून त्यांना नुसतं 'सर्वधर्मसमभावाचं प्रतीक' करून चादरीखाली झाकलं की मला राग येतो. हा वाद घालणारा माणूस होता.

इथे भाषेचा मुद्दा येतोच. ज्ञानेश्वरीही भाष्यच, १२९० ची. पण ती मराठीत असल्यामुळे शेतकऱ्याच्या ओठांवर गेली. माहिमींचं अरबी भाष्य एकोणिसाव्या शतकात कैरोच्या बुलाक छापखान्यात छापलं गेलं, पण माहीमच्या कोळीवाड्यात पोचलं नाही. तिथे बाबा पोचले, पुस्तक नाही. यात त्यांचा दोष नाही, त्या काळी विद्वानाने अरबीतच लिहायचं. पण सहाशे वर्षांत आपण काय केलं?

मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे. जत्रेला येणारी गर्दी तर आहेच. शंभर-दीडशे पानांची निवडक माहिमी मराठीत आणा, टिपांसकट. दर्ग्याबाहेर फुलांच्या टोपल्यांशेजारी ठेवा. खपतील. निदान माझी एक प्रत धरून चाला.